गोळी जिथं पोचत नाही

प्रिय ताई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी म्हणालो, "आता उरकलं तर बरं," आणि तू लगेच "आप्पा, असं बोलायचं नाही, पॉझिटिव्ह राहायचं" म्हणून विषय बदललास. नंतर तू रडत बसलीस हे दादाकडून कळलं. पोरी, मी रागावलेलो नाही. पण त्या बोलण्यामागं काय होतं ते सांगायचं राहिलं, आणि फोनवर मला ते जमायचं नाही.

अंग दुखतं म्हणून मी तसं बोललो नव्हतो. फुफ्फुसातली गाठ मणक्यात उतरली तेव्हा पाठीतून जी कळ निघायची, ती मॉर्फिनच्या गोळीनं आटोक्यात आहे. दर चार तासांनी आई गजर लावून देते. व्यसनाची भीती तू मनातून काढ. डॉक्टरीणबाईंनी आईला ते नीट समजावलंय. पोट साफ होत नाही, त्याचं औषध वेगळं चालू आहे.

तरी पहाटे तीनला जाग येते. समोर झाकण घातलेलं शिलाई मशीन दिसतं. एकेचाळीस वर्षं पायडल मारलं, तेव्हा मी कोण हा प्रश्नच पडला नाही. आता कप धरायलाही आई लागते. आपल्या बार्शीत १९८७ पासून कर्करुग्णांची नोंद ठेवतात, ग्रामीण भागातली देशातली पहिली. चांगलं काम आहे. माझंही वय, गाव, अवयव तिथं लिहिलं गेलं असेल. पहाटे तीनला वाटायचं, मी तेवढाच उरलोय. एकादशीला दादानं भगवंताच्या देवळात नेलं. हात जोडले आणि मागायला काही सुचेना. देवाचा रागसुद्धा येईना. त्या दिवशी मी खरा घाबरलो, ताई. मरणाला नाही. आत सगळं रिकामं लागलं, त्याला.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, लंडनला सिसली साँडर्स नावाच्या डॉक्टर होत्या, १९६७ साली त्यांनी मरणाच्या वाटेवरच्या माणसांसाठी सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस काढलं. त्यांना एक पेशंट बाई म्हणाली होती, दुखणं पाठीत सुरू झालं, पण आता मी सगळीच बिघडलेय. शरीर, मन, घरची काळजी, श्रद्धा, सगळ्यांचं मिळून एकच दुखणं होतं, असं साँडर्सबाई सांगायच्या, आणि त्याला 'टोटल पेन' म्हणायच्या. मला बरं वाटलं. माझ्या दुखण्याला नाव होतं, म्हणजे ते माझं नाटक नव्हतं.

मग डॉक्टरीणबाईंकडची समुपदेशक मुलगी दोनदा घरी आली. कॅनडातले डॉ. हार्वी चोचिनोव यांनी बसवलेली पद्धत आहे: ते प्रश्न विचारतात, आपण बोलायचं, ते टेप करून लिहून काढतात, आपल्याला वाचून दाखवतात आणि मग घरच्यांना द्यायला कागद हातात देतात. तिनं विचारलं, "काका, सगळ्यात जिवंत कधी वाटलं?" मला वाटलं होतं तुमचे जन्म, दुकान घेतलं तो दिवस, असं काही आठवेल. आठवला तो लग्नाचा कोट. त्या पोराचा डावा खांदा दोन बोटं खाली होता. लाइट गेलेली, तू नऊ वर्षांची, कंदील धरून उभी. मी आत जाड अस्तर थरावर थर बसवलं, तीनदा उसवलं, पुन्हा टीप मारली. सकाळी कोट घालून पोरगा आरशासमोर उभा राहिला तो हलेचना. दोन्ही खांदे सारखे. त्याच्या आईनं माझे हात धरले होते, हे मी पार विसरून गेलो होतो.

रिकामेपण गेलं असं नाही. काही पहाटे ते येतंच. पण तो कागद उशाखाली असतो, आणि ते आलं तरी आता मला ओळखीचं वाटतं.

म्हणून एकच मागतो. मी पुन्हा "उरकलं तर बरं" म्हणालो, तर गप्प करू नकोस. "आप्पा, आज काय झालं?" एवढं विचार, आणि मला बोलू दे. तुला उत्तर द्यावं लागणार नाही. रडू आलं तर माझ्यासमोर रड.

शनिवारी येशील तेव्हा अंथरूण माझ्याच खोलीत टाक. तीनला जाग आली की हाक मारीन.

तुझे,
आप्पा