आधी केबिन नंबर, मग टोकन

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांसाठी ठाण्यातल्या टूर कंपन्यांच्या ज्या क्रूझच्या जाहिराती येतात, त्यांत ‘बाल्कनी केबिन’ हे दोनच शब्द मोठ्या टायपात असतात. ती बाल्कनी कितव्या मजल्यावर, कुठल्या बाजूला, कशाच्या खाली, हे कुणी छापत नाही. ग्राहकही विचारत नाही. घोडबंदर रोडला ‘खाडी दिसणारा’ फ्लॅट घेताना पुढच्या प्लॉटवर टॉवर येणार का, याची चौकशी करणारा हाच माणूस जहाजाच्या बाबतीत मात्र किंमत बघून टोकन भरून मोकळा होतो. आम्ही क्रूझचे बुकिंग करणारी मंडळी आहोत. आमच्याच धंद्याला थोडे अडचणीचे वाटेल, पण टोकन देण्याआधी एजंटकडे केबिन नंबर आणि त्या जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यामजल्याचा नकाशा, मागा.

बहुतेक जहाजांवर नंबरातला पहिला आकडा (किंवा पहिले दोन) डेकचा असतो. 8236 म्हणजे आठवा डेक. सम-विषम आकड्यांवरून डावी-उजवी बाजू कळते, पण कुठली कशाला हे कंपनीगणिक बदलते. ते प्लॅनवरच बघावे. आपली खोली सापडली की फक्त तोच मजला बघून थांबू नका. वरच्या आणि खालच्या डेकचे प्लॅन शेजारी ठेवून त्याच जागी काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर उत्तम. डोक्यावर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल, तर पहाटे साडेपाचला कर्मचारी डेक धुऊन लांब खुर्च्या ओढत रांगेत लावतात तो खरखराट थेट छतातून उतरतो. पायाखाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर रात्री बारानंतरही ढोलाचा ठोका गादीत जाणवतो. प्लॅनवर जी जागा नुसती पांढरी सोडलेली असते, ती बहुधा स्वयंपाकघर, सामानाच्या गाड्यांची वाट किंवा यंत्रांची खोली. पांढरे दिसले की विचारायचे.

समुद्र लागण्याची भीती असेल तर जहाजाचा मधला भाग आणि त्यातल्या त्यात खालचा डेक. बागेतला सी-सॉ डोळ्यांपुढे आणा: टोकाचे मूल उंच जाते-येते, मधली जागा जवळजवळ हलत नाही. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि पिछाडी तशीच वर-खाली होतात. डावी-उजवीकडची डोल मात्र जितके उंच जाल तितकी वाढते. जहाजाच्या पोटाला असलेले पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, ही बाजूची डोल बरीच कमी करतात; नाळेच्या उठाबशीवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून ‘मोठ्या जहाजात काही जाणवत नाही’ हे एजंटचे वाक्य नाळेजवळच्या, अकराव्या डेकवरच्या खोलीला लागू करू नका. त्यातून नाळेकडच्या बाल्कनीत जहाज चालू असताना वारा इतका असतो की चहाचा कप धरवत नाही. बंदरात शिरताना तिथेच बो थ्रस्टरची, म्हणजे नाळ बाजूला ढकलणाऱ्या पंख्याची, घरघर आणि कधी नांगराच्या साखळीचा आवाजही येतो. पिछाडीच्या बाल्कन्या अनेकदा मोठ्या असतात आणि मागे उमटणारी पांढरी वाट सुंदर दिसते, पण तिथे कंप अधिक आणि वारा फिरला तर धुराड्याची काजळीही.

आता ‘समुद्र दिसतो’ या शब्दांकडे. ‘ऑब्स्ट्रक्टेड’ असे बारीक अक्षरात लिहिले असेल तर समोर लाइफबोट किंवा ती उतरवणारी क्रेन आहे. बोटींच्या लगेच वरच्या डेकवरून समुद्र दिसतो, पण खाली वाकले की बोटींची छपरे. काही जहाजांत खालच्या बाल्कन्यांना काचेऐवजी पत्र्याची भिंत असते; उभे राहिले तर सगळे दिसते, खुर्चीत किंवा व्हीलचेअरवर बसले तर फक्त आभाळ. आजी-आजोबांसाठी खोली घेताना हे विसरू नये. 2009 मध्ये आलेल्या ओएसिस ऑफ द सीज या जहाजापासून जहाजाच्या आतल्या बागेकडे उघडणाऱ्या बाल्कन्याही विकल्या जाऊ लागल्या. त्या वाईट नाहीत, पण समुद्रासाठी पैसे मोजणाऱ्याने घेऊ नयेत. सेलिब्रिटी एज (2018) या जहाजावर बटण दाबले की अर्धी खिडकी खाली सरकते आणि खोलीचाच बाहेरचा भाग ‘बाल्कनी’ होतो. क्षेत्रफळाचेही तसेच. खोली आणि बाल्कनी मिळून आकडा सांगितला असेल तर तो आपल्याकडच्या बिल्ट-अपसारखा समजा आणि कार्पेट किती ते वेगळे विचारा.

कुठली बाजू घ्यावी? मुंबईहून दक्षिणेला, गोवा किंवा कोचीकडे जाताना नाळेकडे तोंड केले तर किनारा डाव्या हाताला आणि मावळतीचा सूर्य उजव्या. परतीत नेमके उलटे. त्यामुळे जाऊन-येऊन सहलीत बाजूवर वेळ घालवू नये. मुंबई-कोची एकतर्फी असेल तर उजव्या बाजूला सूर्यास्त मिळतो, पण एप्रिल-मेमध्ये दुपारभर ऊनही तिथेच. डावीकडे सकाळचे कोवळे ऊन निघून गेले की सावली. व्हँकूव्हरहून उत्तरेला अलास्काकडे एकतर्फी जाताना जमीन उजवीकडे राहते. हिमनदीसमोर जहाज स्वतःभोवती फिरवतात, तेव्हा दोन्ही बाजूंना दिसते.

आमचे मत विचाराल तर दोन रात्रींच्या गोवा फेरीला बाल्कनीवर जादा पैसे घालू नयेत. खिडकीची खोली पुरते. अलास्का, नॉर्वे किंवा तीन-चार दिवस नुसता समुद्र असलेली सहल असेल तर बाल्कनी वसूल होते. 1990 साली सेवेत आलेल्या, कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेससारख्या जुन्या बांधणीच्या जहाजावर बाल्कनीच्या खोल्या मुळातच मोजक्या, त्या सगळ्यांत आधी विकल्या जातात.

‘गॅरंटी’ या स्वस्त प्रकारात गॅरंटी फक्त खोलीच्या वर्गाची असते; नंबर कंपनी देईल तो आणि निघायच्या थोडे आधी. वर सांगितलेले सगळे त्यात निकालात निघते. नंबर निवडून घेतला असेल तरी ‘मोफत अपग्रेड’मध्ये मधली खोली जाऊन वरची, पण टोकाची मिळू शकते. बुकिंगवरच ‘केबिन बदलू नये’ अशी नोंद करून घ्यावी.

चौघांचे कुटुंब असेल तर आणखी एक पेच. खोलीत चार बिछाने असूनही तिसऱ्या-चौथ्या माणसाला नकार मिळतो, कारण लाइफबोटींतल्या जागा जहाजाच्या त्या-त्या भागाला मोजून दिलेल्या असतात. मग दोन खोल्या. तेव्हा ‘कनेक्टिंग’ म्हणजे आतून दार, ‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे नुसती शेजारची, हे पक्के करा. उलट कुटुंब नसेल तर कनेक्टिंग दाराची खोली टाळा. त्या दारातून शेजारच्यांचे घोरणेसुद्धा येते. बाल्कन्यांमधले पार्टिशन काही जहाजांवर केबिन अटेंडंट उघडून देतो, आधी विचारावे.

बाल्कनीचे दार उघडे असताना कुणी कॉरिडॉरचे दार उघडले की वारा आरपार सुटतो आणि जड दार धाडकन आपटते. बोटे अशीच चेमटतात. एका वेळी एकच दार. बाल्कनीचे दार उघडे ठेवले तर दमट हवा आत येऊन आरसा धुकट होतो, काही जहाजांत एसी आपोआप बंदही पडतो, आणि मग ‘एसी चालत नाही’ म्हणून रिसेप्शनला फोन. लहान मूल असेल तर खुर्ची आणि टेबल कठड्यापासून लांब. कठडा साधारण साडेतीन फुटांचा असतो, खुर्चीवर चढलेल्या मुलाला तो पुरत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या सवयीचा. ओले टॉवेल कठड्यावर वाळत घालू नयेत, आणि बाल्कनीत सिगारेट, उदबत्ती, दिवाळीची पणतीही नाही. 23 मार्च 2006 रोजी जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस जहाजावरची आग बाल्कनीतच सुरू झाली होती. न विझलेली सिगारेट हे तिचे संभाव्य कारण मानले गेले आणि बाल्कन्यांमधली प्लॅस्टिकची पार्टिशने पेटत ती पसरली. त्यानंतरच बाल्कनीतल्या सामानाचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. आपल्या पुरवणीत क्रूझची जाहिरात घेताना डेक आणि केबिनचा वर्ग छापायची अट घालता येईल का, हेही पाहावे.

— क्रूझ बुकिंगच्या व्यवसायातील काही वाचक, नौपाडा, ठाणे