जहाजावर निघालेल्या मुलांसाठी सोलापुरात चौकशीची सोय हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२५ जून हा आंतरराष्ट्रीय नाविक दिन. आपल्याकडे तो आला कधी, गेला कधी, कळतही नाही. समुद्राशी सोलापूरचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण अक्कलकोट रोडवर टॉवेलचे खोके कंटेनरात रचून सील ठोकले, की गाडी न्हावा शेवाला जाते आणि तिथून पुढे तो माल खलाशांच्या हाती असतो. परदेशी जाणाऱ्या सांगोल्याच्या डाळिंबाचेही तेच. जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांहून अधिक माल जहाजानेच जातो.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा भाडे किती वाढले याची इथे महिनोन्‌महिने चर्चा झाली. मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी मेले. बाकीच्यांना आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले. त्यांच्याविषयी मात्र कोणी बोलल्याचे आठवत नाही, आणि याची मला खंत आहे.

आता तर आपली मुलेही या नोकरीत जात आहेत. आमच्या शेजारच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाला एजंटाने ‘मर्चंट नेव्ही’ म्हणून पाठवले. पैसे कर्ज काढून दिलेले. व्हिसा पर्यटकाचा, जहाज जुनाट, पगार थकलेला, पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात. त्याने घरी प्यायच्या पाण्याच्या बाटलीचा फोटो पाठवला होता, तळाशी गंजाचा थर साचलेला. आईला तो दाखवायचा की नाही, यावरून घरात वाद झाला.

कायदा नाही असे नाही. २००६ च्या सागरी कामगार कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार मालकाने दोन महिने पगार थकवला तरी खलाशाला वाऱ्यावर सोडले असे धरले जाते, आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार व घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळायला हवा. नोकरी लावण्यासाठी मुलाकडून पैसे घेणेच मुळात बेकायदा आहे. परवानाधारक भरती कंपन्यांची यादी मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एजंटाला ‘आरपीएसएल क्रमांक (म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा क्रमांक) सांगा’ एवढे विचारले असते, तरी या घरावरचे संकट टळले असते. पण हे विचारायचे असते, हे त्यांना सांगणार कोण?

जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी जहाजावरच्या नोकरीची कागदपत्रे तपासून देणारा माणूस बसवावा, अशी जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे. बारावीच्या निकालानंतर जाहिरातींचा पूर येतो, त्याआधी हे व्हावे. टॉवेल निर्यातदारांनीही यात पुढाकार घ्यावा.

— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर