दहापर्यंत मोठ्याने मोजणे

नौपाडा, ठाणे

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तीन महिने तुझा एकही फोन उचलला नाही, त्याबद्दल कान धरतो. प्रकृती बरी आहे, तपासण्या ठीक आल्या, एवढे पुरे.

पोटावरची शौचाची पिशवी निघाली तेव्हा वाटले, सुटलो. पण मलाशय काढून मोठे आतडे थेट खाली जोडले म्हणजे साठवणीची कोठीच गेली, हे दिवसातून बारा-बारा वेळा धावताना कळले. फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिला: वायू रोखावा तसे गुदद्वार आत आणि वर ओढायचे, दहा आकडे धरायचे, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी मांड्या आवळून श्वास कोंडत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, आकडे मोठ्याने मोजा, श्वास आपोआप चालेल." आता पहाटे आमच्याकडून उजळणी ऐकू येते आणि शेजाऱ्यांना वाटते, नातवाची शिकवणी लावली आहे.

सातवीत गणिताच्या तासाला तुला हे दहा आकडे साधले असते, तर मास्तरांनी माझा कान पिळला नसता. तू अजूनही कबूल करत नाहीस.

काळजी मुक्ताच्या लग्नाची आहे. कन्यादानाला पाटावर दीड तास लागेल, असे गुरुजी म्हणतात. पूर्वी कळ आली की मिनिटभर दम निघत नसे. परवा धाडस करून धिम्या लोकलने दादरला निघालो, कांजुरमार्गला कळ आली, उभ्यानेच ओठ हलवत मोजत राहिलो, विक्रोळीला उतरावेसे वाटूनही उतरलो नाही आणि घाटकोपरच्या शौचालयात कोरडा पोहोचलो. हे घरी कोणालाच सांगितले नाही. पण सहा-सात मिनिटे कुठे आणि दीड तास कुठे! डॉक्टरांनी त्या दिवसासाठी जुलाब रोखणारी लोपेरामाइडची गोळी सांगितली आहे, आदल्या रात्री जेवण हलके ठेवीन. तरी कन्यादान पुरे होण्याआधीच धोतर सावरत पळालो तर? सुलभा माझ्या जागी धाकट्याला बसवू म्हणते. मी भांडलो, आणि रात्रभर तिचेच बरोबर वाटत राहिले.

म्हणून तू मांडवाच्या कडेला थांब. मी उपरणे खांद्यावरून काढले की गुरुजींना सांग, तुझ्याच पोटात गडबड आहे आणि मला तुला घेऊन जावे लागेल.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मय पुण्यात रुळला का? तारीख पत्रिकेत आहे. आदल्या रात्रीच ये.

तुझा,
श्रीधर