तिकिटं काढली आहेत, आता रागवू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकिटं काढली. हे आधीच सांगून टाकते, कारण फोनवर बाबा ‘बघू’ म्हणतात, आई ‘ह्यांना विचार’ म्हणते आणि मग दोन दिवाळ्या निघून जातात. तुळशीचं लग्न लागलं की आठवड्याभरात आपण तिघं जपानला निघतोय. मी आधी पुण्याला येते, तिथून एकत्र जाऊ. तुम्हाला एकटं कुठल्याही विमानतळावर सोडणार नाहीये.

डायनिंग टेबलवर काचेखाली सरकवलेलं ते युरोप टूरचं पत्रक मी गणपतीत पाहिलं होतं. युरोप रद्द नाही, आई. पण रोज नवं हॉटेल, पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, दिवसभर बस आणि आयफेल टॉवरखाली पाऊण तास... बाबांना बसमधून मध्येच उतरायला लागतं हे तुम्ही दोघंही कुणाला सांगणार नाही, आणि मग पाणीच पिणार नाही. अलिबागला काय झालं होतं ते मी परत काढत नाही.

तुम्हाला वाटेल, हिला जी जागा आवडली तिकडे आम्हाला फरफटत नेतेय. उलट आहे. मला आवडलेल्या एकेका जागेवर मी तुमच्या डोळ्यांनी, खरं तर बाबांच्या गुडघ्यांनी, फुली मारत गेले. पेरूमधलं कुस्को सगळ्यात आधी गेलं. विमान उतरतं तेच सुमारे ३,३०० मीटर उंचीवर, धडधाकट माणसाचंही डोकं भणभणतं. लिस्बन मला जीव की प्राण आहे, पण सगळं शहर टेकड्यांवर आणि फुटपाथ गुळगुळीत चुनखडी दगडांचे. पावसाची एक सर आली की मीसुद्धा भिंत धरून चालते. कंबोडियातल्या अंगकोर वाटला दगडात कोरलेलं समुद्रमंथन आहे, देव-दैत्यांची रांगच्या रांग वासुकी ओढतेय. बाबा, ते तुम्हाला दाखवायचंच आहे, पण तिथलं ऊन आणि वरच्या गाभाऱ्याचा जिना बघून मन धजावेना. इस्तंबूल जवळजवळ ठरलं होतं. एमिनोन्यूच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, बारीक कमरेच्या पेल्यातला चहा घ्यायचा आणि तो संपेस्तोवर युरोपातून आशियात. त्याला अजूनही फुली मारलेली नाही. पुढच्या खेपेला.

पण जपान जिंकलं ते बाबांमुळे. आपल्या पु. ल. देशपांडे उद्यानात, त्या जपानी बागेत, फिरताना जपानातल्या ओकायामा शहराशी मैत्रीची ती पाटी आली की दर वेळी तुम्ही म्हणता, ‘ही नक्कल एवढी छान, तर अस्सल कशी असेल?’ आई म्हणते, ‘असेल अशीच, चला, दूध तापवायचंय.’ तर अस्सल बघायला जाऊ या. कोराकुएन. ओकायामाच्या सरदाराने १६८७ मध्ये बांधायला घेतली, १७०० मध्ये पुरी झाली. जपानातल्या तीन नावाजलेल्या बागांपैकी एक, आणि मुख्य म्हणजे बहुतेक सगळी सपाट. मोठमोठी हिरवळ, मध्ये चहाचा मळा, भाताचं एक खाचर, पिंजऱ्यात लाल टोपीचे क्रौंच, आणि नदीपलीकडे काळा किल्ला. मूळ किल्ला १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, १९६६ मध्ये परत बांधला. माझी आवडती जागा मात्र एक साधा लाकडी मंडप आहे, र्‍यूतेन नावाचा. भिंती नाहीतच. जमिनीच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो, त्यात निवडून ठेवलेले सहा दगड. चपला काढून काठाशी बसायचं आणि पाणी दगडाला वळसा घालून जाताना बघत राहायचं. मी तिथे बसले होते तेव्हा मला आईचाच ‘उठ आता’ ऐकू आला, शप्पथ.

मुक्काम मात्र सगळे दिवस क्योतोला, एकाच घरात. सामान एकदाच सोडायचं. ओकायामाला बुलेट ट्रेनने तासाभरात जाऊन संध्याकाळी परत. घर तळमजल्यावर आहे, पलंग आहेत, जमिनीवरच्या गाद्या नाहीत. संडास कमोडचा, बैठक गरम, बटण दाबलं की पाण्याची फवारणी. तेव्हा बाबांनी लोटा बरोबर घेऊ नये. स्वयंपाकघर आहे. भात आपल्यापेक्षा चिकट असतो, पण आंबेमोहोर खाणाऱ्यांनी तक्रार करू नये. आई, बाहेरच्या खाण्यात अडचण एवढीच, की साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. म्हणून मी देवळांतल्या जेवणाच्या जागा शोधून ठेवल्यात. तिथे मांस-मच्छी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. तुझा चातुर्मास संपल्यावरही चालू राहील.

क्योतोत बाबांसाठी सान्जूसान्गेन्दो हे बौद्ध देऊळ. १२६६ मध्ये उभारलेला सुमारे १२० मीटर लांब लाकडी मंडप, आत अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाच्या १,००१ मूर्ती. त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षकदेव उभे आहेत, त्यांत आपले ओळखीचे निघतात. इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, बासरी वाजवणारा गरुड आहे. आणि एक हाडं वर आलेला म्हातारा ऋषी, स्फटिकाचे डोळे, अगदी आपल्या दत्तूआजोबांसारखा रोखून बघतो. तिथे फोटो काढू देत नाहीत, तेव्हा नीट बघून घ्या. नाराला पण जाऊ. तिथल्या मोठ्या बुद्धाचे नेत्र ७५२ साली आपल्याकडून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने उघडले, म्हणजे आपल्या प्राणप्रतिष्ठेसारख्या विधीत बुबुळं रंगवली. आई, बाहेर हरणं मोकळी हिंडतात. बिस्किटासाठी मान लववतात आणि हातातला कागदही खातात. पर्स छातीशी धरायची.

फुशिमी इनारी या डोंगरावरच्या देवळाला फक्त खालच्या लाल कमानींपर्यंत. ‘आलोच आहोत तर वर जाऊ’ हे वाक्य पुण्यातच ठेवून यायचं.

व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. बाबा, ती तुम्ही चालू शकत नाही म्हणून नव्हे. मध्ये विमान बदलायचंय आणि व्हीलचेअरवाल्यांना लवकर सोडतात म्हणून. तुमच्या निमित्ताने आम्हीही रांगेतून सुटू. पैशांचं विचारू नका. माझ्या शाळेच्या सहलीला, कॉलेजच्या हिमालयाला कधी विचारलं होतं तुम्ही? आईच्या पाटल्या गेल्या होत्या त्या वर्षी, हे मला खूप नंतर दादाने सांगितलं.

आता कामाचं. औषधं जास्तीत जास्त महिनाभर पुरतील एवढीच घ्या, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्या आणि सिरपं तिथे चालतच नाहीत, तेव्हा फडताळातला तो डबा जसाच्या तसा बॅगेत ओतू नका. यादी मला पाठवा. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, फळं नकोत, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला खुशाल घे. तिथे शेगडी इंडक्शनची आहे. लहान कुकरच्या बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघ. चिकटलं तर घे, नाहीतर राहू दे. थंडी सकाळी आठ-दहा अंशांवर येते, बाबांचा तपकिरी स्वेटर आत्ताच उन्हात टाक. रोज संध्याकाळी उद्यानात दोघांनी अर्धा तास चालायचं, पाटीपाशी थांबून गप्पा मारणं त्यात धरायचं नाही. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, बाबा. सुमनआत्याला रात्री घरून फोन लावू.

साखर आणि बीपी परवाच तपासून घ्या. डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर मी हट्ट धरणार नाही, तारखा पुढे ढकलता येतील अशीच तिकिटं घेतली आहेत. पण त्यांना मीच फोन करून विचारणार आहे, ‘डॉक्टर नको म्हणाले’ हे तुमच्याकडून ऐकून घेणार नाही.

पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो आज रात्रीच पाठवा, व्हिसाचा अर्ज भरायचाय. आई, मागच्या वेळसारखा अंगठा मध्ये आणू नकोस.

तुमची,
चिमी