कार्लस्टाटची एका ओळीत बोळवण

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला सोळाव्या शतकातल्या युरोपच्या (ख्रिस्ती) धर्मसुधारणेवरचा लेख वाचला. मार्टिन ल्यूथरला अर्धे पान, आणि त्याचा सहकारी आंद्रेआस कार्लस्टाट 'मूर्ती फोडायला निघालेला माथेफिरू' म्हणून एका ओळीत निकालात. मी बडोद्यात पौरोहित्य करणारी बाई आहे. लग्न, वास्तुशांत, श्राद्धसुद्धा सांगते. मला तर हा माणूस आमच्याच धंद्यातला वाटतो.

विटेनबर्ग विद्यापीठात तो ल्यूथरला वरिष्ठ. 1512 मध्ये ल्यूथरला डॉक्टरची पदवी त्याच्याच हस्ते मिळाली. चर्चवर टीका करणारे ल्यूथरचे ते प्रसिद्ध 95 मुद्दे ऑक्टोबर 1517 चे. कार्लस्टाटने त्याच वर्षी एप्रिलमध्ये दीडशेवर मुद्दे मांडले होते.

1521 चा नाताळ लेखात यायलाच हवा होता. ल्यूथर तेव्हा वार्टबर्गच्या किल्ल्यात लपलेला. नववर्षदिनी नव्या रीतीने प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस देण्याचा ख्रिस्ती विधी) देणार, असे कार्लस्टाटने जाहीर केले. सॅक्सनीचा (विटेनबर्ग त्यातच) संस्थानिक फ्रेडरिक, त्याला हे नको होते. मनाई होणार असे दिसताच कार्लस्टाटने मुहूर्तच आठवडाभर अलीकडे आणला! अंगात पाद्र्याचा झगा नाही, रोजचेच कपडे. मुख्य वचने लॅटिनऐवजी जर्मनमध्ये, सगळ्यांना ऐकू जातील अशी. द्राक्षारसाचा प्याला तोवर फक्त पाद्र्यांपुरता असे. तो आणि भाकर त्याने थेट लोकांच्या हातात दिली. एकाच्या थरथरत्या हातून तुकडा खाली पडला, आणि 'उचल' म्हटले तरी त्याला तो उचलवेना, असे सांगतात. मला हे नवे नाही. कलशाला हात लावा म्हटले की घरच्या सुना आधी सासूकडे बघतात, मग माझ्याकडे. "आम्ही लावला तर चालेल ना?"

पुढच्याच महिन्यात विटेनबर्ग नगराने नियम केले: भीक मागणे बंद, चर्चचे उत्पन्न एका सामायिक पेटीत, त्यातून गरीब कारागिरांना उसने पैसे आणि गरीब मुलींच्या लग्नाला मदत. यामागेही कार्लस्टाट होता.

मार्च 1522 मध्ये ल्यूथर परतला, ओळीने आठ प्रवचने केली आणि दुबळ्या मनाच्या लोकांना सांभाळून घ्या, घाई नको, असे बजावले. झगे परत आले, लॅटिन परत आले. ल्यूथरची स्वतःची जर्मन उपासना छापून निघाली 1526 मध्ये. कार्लस्टाटने 1524 च्या पुस्तिकेत उलट विचारले: लहान मुलाच्या हातात धारदार सुरी असेल, तर ते राजीखुशीने देईपर्यंत थांबाल का? घाई नको, हा सल्ला आम्हा पुरोहित बायकांनाही उठताबसता मिळतो. "तुमचं बरोबर आहे हो, पण आजी आहेत तोवर राहू द्या." आजी जातात, मग काका असतात.

त्याचे सगळेच मला पटते असे नाही. चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे हटवा, ही पुस्तिका त्याचीच, आणि त्या वातावरणात लोकांनी तोडफोड केली हेही खरे. ऑर्गनसुद्धा त्याला खपत नसे. भजनात वाढलेल्या माणसाला हे कसे रुचावे?

पुढे त्याने पदव्या बाजूला ठेवल्या, ओर्लामुंडे गावी शेतकऱ्याचा करडा अंगरखा घातला आणि 'भाऊ आंद्रेआस' म्हणा असे सांगितले. ऑगस्ट 1524 मध्ये येना गावच्या खानावळीत ल्यूथरने त्याच्या हातावर सोन्याचे नाणे ठेवले: लिही माझ्याविरुद्ध, खुशाल. पुढच्याच महिन्यात सॅक्सनीतून हद्दपारी. 1525 च्या शेतकरी बंडानंतर जीव वाचवायला तो लपला कुठे, तर ल्यूथरच्याच घरात! अट अशी की पुन्हा तोंड उघडायचे नाही. काही वर्षे किरकोळ दुकानदारी करून अखेर तो स्वित्झर्लंडला निसटला. बाझेलला प्राध्यापक झाला आणि तिथेच 24 डिसेंबर 1541 रोजी प्लेगने गेला.

पुरोहिताने परीक्षा द्यावी, असा कायदा सयाजीराव महाराजांनी 1915 मध्ये केला. इथे संस्थानिक पुढे आणि पुरोहित मागे. विटेनबर्गला नेमके उलटे. बडोद्याच्या वाचकाला यात गंमत वाटली असती.

जागा कमी पडली असेल, तर ल्यूथरच्या विवाहाची हकिकत थोडी कापता आली असती. तसेही लग्न करण्यात कार्लस्टाट त्याच्या तीन वर्षे पुढे होता.

आपली,
एक स्त्री-पुरोहित
दांडिया बाजार, बडोदे