सिस्टर, त्या केशरी टोपणासाठी

सिस्टर, नमस्कार.

मी खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींचा मुलगा. पायाला जखम, शुगर ४१२ आणि ‘मला घरी न्या’ असा दिवसभर धोशा. एवढ्यावरून आठवलं नसेल तर आणखी एक खूण सांगतो : वाती वळणाऱ्या आजी. आता नक्की आठवलं असेल.

गेल्या वर्षी आषाढी आठवड्यावर आली असताना आईला मिरजेला दाखल केलं होतं. पहिले दोन दिवस तुमच्याबद्दल आमचं मत काही बरं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. दर इंजेक्शनाआधी तुम्ही आईला तिचं पूर्ण नाव विचारायचात आणि मनगटावरची पट्टी बघायचात. आई वैतागून म्हणायची, ‘दोन दिवस इथंच पडलेय, अजून हिला माझं नाव पाठ होईना.’ मग कळलं, समोरच्या रांगेतही आमच्याच आडनावाच्या एक बाई होत्या. शिवाय इन्सुलिन भरलं की तुम्ही दुसऱ्या सिस्टरना हाक मारायचात, त्यांनी रेषा बघून मान हलवली की मगच सुई टोचायचात. त्याचा अर्थ मला नंतर लागला.

घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आमची औषधांची पिशवी मागितलीत. मला वाटलं, नेहमीचंच असणार. ही सकाळी, ही रात्री, ही जेवल्यावर, समजलं ना? आपण मान हलवायची. आजवर सगळ्या दवाखान्यांत मी हेच करत आलोय. तुम्ही विचारलंत, ‘दादा, घरी इन्सुलिन कोण देतं?’

‘मीच.’

‘मग मला भरून दाखवा.’

खरं सांगतो, राग आला. मी सहकारी बँकेत कॅशवर बसतो. रोजची रोकड जुळल्याशिवाय उठत नाही. मला आकडे शिकवणार? मी झोकात ३० च्या रेषेपर्यंत ओढलं, बुडबुडा काढला आणि सिरिंज तुमच्यापुढे धरली. तुम्ही आधी टोपण बघितलंत, मग बाटली फिरवून तिच्यावरचं लेबल. आवाज जराही न चढवता विचारलंत, ‘हे केशरी टोपण कधीपासून?’

मार्चपासून. त्याआधी लाल टोपणाच्या सिरिंज आणायचो. त्या संपल्या होत्या तेव्हा गावातल्या मेडिकलमध्ये ‘या घ्या, सारख्याच आहेत’ म्हणून केशरी दिल्या. मला तरी काय वेगळं दिसणार? सुई तशीच, नळी तशीच, ३० चा आकडाही होताच की.

तुम्ही केसपेपरच्या पाठीवर नव्हे, माझ्या हातातल्या वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडलात. ते कात्रण अजून माझ्या पाकिटात आहे. आमच्या बाटलीवर ४० लिहिलेलं, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाने आखलेली असते. केशरी टोपणाची असते १०० च्या औषधासाठी. तिच्यावर ३० पर्यंत ओढलं तर आत येतं ०.३ मिलिलिटर. आमच्या बाटलीतलं ०.३ मिलिलिटर म्हणजे किती? १२ युनिट.

मार्चपासून मी आईला कमीच देत होतो, शेवटी तर ३० समजून १२. शुगर उतरेना म्हणून डॉक्टर डोस वाढवत गेले, २० चे २६ झाले, २६ चे ३०. आणि मी? मी आईला बोलत होतो. ‘चोरून गोड खातेस, दुसरं काही नाही.’ तिने एकदा देवाशपथ सांगितलं होतं, तरी मी साखरेचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता. तिचा हात पोचू नये म्हणून.

तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. ‘तुमच्यासारखे खूपजण येतात’ एवढंच म्हणालात आणि पुढचं जास्त महत्त्वाचं सांगितलंत : उद्या लाल टोपणाच्या सिरिंज मिळाल्या असत्या आणि मी त्याच ३० वर भरलं असतं, तर आईच्या अंगात एकदम अडीचपट गेलं असतं. रात्री झोपेत शुगर उतरली असती. त्याच पावली तुम्ही डॉक्टरांकडे गेलात. वॉर्डात शुगर तपासून तपासून किती लागतंय ते त्यांना दिसलंच होतं. कागदावर नवे आकडे आले, सकाळी १८, रात्री १०. त्याखाली तुमच्या अक्षरात मोठ्ठं, ‘बाटली ४०, टोपण लाल’.

मग तुम्ही मला सोडून आईकडे वळलात. ती शाळेत गेलेली नाही, पण औषध तिच्या अंगात जाणार तर तिलाही कळलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं. आमचं इन्सुलिन दुधाळ, खाली बसणारं. मी ते खोकल्याच्या औषधासारखं खळाखळा हलवायचो. तुम्ही आईला विचारलंत, ‘आजी, समईच्या वाती घरीच करता ना? बाटली हातात घ्या आणि वात वळता तशी वळा. दहा वेळा.’ आईने दोन्ही तळव्यांत बाटली धरून हलकेच वळली. औषध एकसारखं पांढरं झालं. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. आता बाटली तीच वळते, मला हात लावू देत नाही.

उपवासांचं तुम्ही कसं काढून घेतलंत, तेही मला विसरता येत नाही. आईने आधी ‘कुठले उपवास, काही नाही’ म्हणून उडवून लावलं होतं. तिला वाटलं, बंद करायला सांगणार. तुम्ही म्हणालात, ‘सोडा म्हणून नाही विचारत हो. तुम्ही खाणार नाही आणि दादा रोजचंच इंजेक्शन देतील, त्याची मला भीती वाटते.’ मग महिन्याच्या दोन एकादश्या आणि संकष्टी बाहेर पडल्या. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही, हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावलात. डॉक्टरांकडून उपवासाच्या दिवसाचे आकडे वेगळे लिहून आणलेत. एकादशी राहिली, साबुदाण्याऐवजी भगर आली. संकष्टीला आई आता चंद्राची वाट बघत नाही. नाखुशीने का होईना.

बाकीचं भराभर झालं, पण तेही लक्षात आहे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियमची तिच्यापासून चार तास लांब. आई दोन्ही सकाळच्या चहाबरोबर घ्यायची. पाकिटातल्या गोळ्या अशा बाजूने कापायच्या की नाव आणि तारीख शेवटपर्यंत उरेल. बाटली फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, आणि फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर. वापरलेल्या सुया पाण्याच्या जाड रिकाम्या बाटलीत, कचऱ्याच्या पिशवीत नाही.

आणि शुगर उतरली तर? आई म्हणाली, ‘पदराला खडीसाखर बांधून ठेवते.’ तुम्ही म्हणालात, खडीसाखर विरघळायला वेळ लावते. ग्लुकोजची पूड जवळ ठेवा, तीन चमचे पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघा, मग काहीतरी खा. आणि हे सगळं आईच्या तोंडून दोनदा वदवून घेतलंत. दुसऱ्यांदा ती चिडली होती.

नोव्हेंबरात मी बँकेत असताना दुपारी साडेबाराला तिचा फोन आला. सकाळी इंजेक्शन घेऊन पोहे निम्मेच खाल्ले होते. दरदरून घाम, हात लटलटत होते. मी उठून निघणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘येऊ नको. पूड घेतली, पंधरा मिनिटं झाली, मशिनीवर ९४ आलंय. आता भाकरी खातेय. तुला नुसतं सांगून ठेवलं.’ शेजारच्या पोरीकडून आकडा वाचून घेतला होता.

जखम दिवाळीआधीच भरली. साखरेचा डबा खालच्या फळीवर आहे. आईची माफी मी मागितली, तर ती म्हणाली, ‘त्या सिस्टरला कळवलंस का काही?’ म्हणून हे पत्र.

पुढच्या महिन्यात तपासणीला येऊ तेव्हा वॉर्डात डोकावेन. तुम्ही पेशंटकडून काही घेत नाही, पेढ्यांचा पुडा परत केला होतात ते आठवतंय. पण आईने यंदा तुमच्यासाठी समईच्या वातींचा एक जुडगा वेगळा काढून ठेवलाय. तुम्ही घरी दिवा लावता की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. मी तसं म्हटलंही. आई म्हणते, लाइट गेल्यावर तरी लागतीलच की.