टेनेसीच्या काठावरून

चॅटनूगा, टेनेसी, अमेरिका

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. फौंड्रीवाल्यांच्या जुन्या गावात मी रमलो कसा, असे तू विचारले आहेस. शिरोलीत तुझ्या भट्टीजवळ उभा राहून साच्यात उतरणारा लोखंडाचा रस मी पाहिला आहे, म्हणून हे तुलाच सविस्तर लिहितो.

टेनेसी नदी इथे लुकआउट डोंगराच्या पायथ्याशी मोठे वळण घेते. जवळच कोळसा आणि लोहखनिज, दाराशी नदी आणि १८५० पासून अटलांटाकडे जाणारी रेल्वे, यांमुळे यादवी युद्धात १८६३ साली दोन्ही सैन्ये या गावासाठी झुंजली आणि युद्धानंतर येथे ओतकामाचे कारखाने उभे राहिले. डोंगरांमुळे धूर खोऱ्यातच कोंडून राही. १९६९ मध्ये केंद्र सरकारने येथील हवा देशातील सर्वांत घाणेरडी ठरवली. लोक भरदिवसा गाड्यांचे दिवे लावून जात. पुढे धुरावर कायद्याने बंधने आली, तसे बरेच कारखानेही बंद पडले. हवा निवळली याचा आनंद आहेच, पण कामावरून घरी बसलेल्यांना त्या आनंदात विसरणे मला योग्य वाटत नाही.

आज नदीकाठ देखणा आहे. चेरोकी या मूळनिवासी जमातीचे प्रमुख जॉन रॉस यांच्या नावाचा जुना धक्का इथेच होता आणि १८३८ मध्ये त्यांच्या लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात याच धक्क्यावरून पश्चिमेकडे हाकलण्यात आले. तिथे आता पायऱ्यांवरून पाणी वाहते, भिंतीवर चेरोकी कलावंतांनी घडवलेल्या सात मोठ्या मातीच्या चकत्या आहेत आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यात मुले डुंबतात.

पण मी सर्वांत जास्त वेळ घालवतो तो वॉलनट स्ट्रीट पुलावर. १८९१ चा हा लोखंडी पूल १९७८ मध्ये वाहनांना बंद झाला. तो पाडण्याऐवजी लोकांनी वाचवला आणि १९९३ पासून तो पादचाऱ्यांचा आहे. पायांखाली लाकडी फळ्या, वर निळे लोखंड, संध्याकाळी बाबागाड्या आणि सायकली. याच पुलावर १९ मार्च १९०६ च्या रात्री जमावाने न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावलेल्या एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला तुरुंगातून ओढून आणून फाशी दिले. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या फाशीला स्थगिती दिली होती. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन कृष्णवर्णीय वकिलांनी जीव धोक्यात घालून ती मिळवली होती. पुढे १९०९ मध्ये, तुरुंग ज्याच्या ताब्यात होता त्या येथील शेरीफला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवलेला तो एकमेव फौजदारी खटला. जॉन्सनला निर्दोष ठरवायला मात्र २००० साल उजाडावे लागले. २०२१ मध्ये पुलाच्या दक्षिण टोकाशी जॉन्सन आणि त्या दोन वकिलांचे पुतळे बसवले गेले. काल एक आजी आपल्या नातवाला तिथला मजकूर हळूहळू वाचून दाखवत होत्या, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत मी बाजूला थांबलो.

तू आलास की आपण पहाटे पुलावर जाऊ. तेव्हा नदीवर धुके असते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध